शालन आणि न निघालेले फोटो

शालन आमच्याकडं राहायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे कमी आणि कात्र्या जास्त होत्या. एक शिंप्याची, एक नखं काढायची आणि एक मेंढरांची लोकर कातरायची, हातभर लांब. ती बघून मी उंबऱ्यातच थांबले. शालन म्हणाली, "भिऊ नका काकू, ती आबांनी दिलीया. जाड पुठ्ठ्याला लागती."

सांगलीत आमच्या घराला मागच्या अंगाला एक खोली होती. हे एसटीत कंडक्टर, दिवसभर बाहेर. घरात बोलायला कुणी नसायचं, आणि कुणी असलं तरी मी फार बोलत नसे. ह्यांनीच कुणाच्या तरी ओळखीनं शालनला खोली दिली. ती माणमधली, दहिवडीच्या पलीकडच्या एका गावची. वडील मुंबईच्या बाजारात पोती वाहायचे, आई गावाकडं मेंढरं राखायची. पोरगी सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात आली होती. जाहिराती, पुस्तकांची कव्हरं, खोक्यांवरची चित्रं कशी करायची ते तिथं शिकवत.

वडिलांची अट तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकली. "परीक्षा होईस्तवर शिकायचं. नोकरी लागली तर ऱ्हायचं, न्हाईतर गावाकडं. एक स्थळ सांगून आलंय. तेंच्या साठ मेंढ्या हायत."

"पोरगा कसा हाय?" मी विचारलं.

"त्यो मेंढ्यांच्या मागं हुबा व्हता. दिसला न्हाई."

ती जे करायची त्याला कोलाज म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. रंग लावायचा नाही. जुने कागद कापायचे, एकाशेजारी एक चिकटवायचे आणि त्याचं चित्र करायचं. यासाठी ती माझ्या दुधाच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवायची. एकदा ह्यांनी ती वाटीत घेऊन, साखर घालून, अर्धी खाल्ली आणि मला म्हणाले, "वेलदोडा विसरलीस." मी काही बोलले नाही. उरलेली त्यांनी संपवली.

घरात कागद टिकेना. साडीची खोकी गेली, उदबत्तीचे पुडे गेले, पंचांगाची पानं गेली. शालन कधी "द्या" म्हणत नसे. वस्तूकडं बघून नुसतं "ह्ये मला लागंल" म्हणायची. पेपर ह्यांच्या आधी तिच्या हातात पडायचा. ह्यांनी वाचायला उघडला की मधल्या भोकातून मी स्टोव्हपाशी बसलेली त्यांना दिसायची. "आज पहिल्या पानावर तूच आहेस," असं हे म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सकाळी सकाळी माझ्याकडं बघायची सवय त्यांना त्या भोकांनी लावली.

माणसंसुद्धा ती तुकड्या-तुकड्यांनी बघायची. भाजीवाल्या आजीला एकदा म्हणाली, "आजी, तुमची हनुवटी लय ब्येस हाय." आजीनं पदर तोंडावर ओढला. दुसऱ्या दिवशी ती पावडर लावून बसली होती.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात सगळ्या पोरांना सांगितलं, आपल्या गावचं काहीतरी करून आणा. शालननं मेंढी करायची ठरवलं, आणि तीही एसटीच्या तिकिटांची. त्या वेळी कंडक्टरच्या पेटीत रंगीत कागदाची बारकी तिकिटं असत, आणि चिमट्यानं त्यांना भोकं पाडत. शालनला त्या भोकांचं फार वेड. "काकू, लोकर अश्शीच दिसती." कॉलेज सुटलं की ती स्टँडवर जायची आणि उतरलेल्या लोकांनी टाकलेली तिकिटं वेचायची. पंधरा दिवसांत खोलीत दोन पोती उभी राहिली.

तिकिटं वेचणारी पोरगी कंडक्टरच्याच घरात राहते, ही गोष्ट डेपोत पोचायला कितीसा वेळ लागणार? वापरलेली तिकिटं पुन्हा खपवतो असा संशय जरी आला तरी कंडक्टरची नोकरी जाते. एका सकाळी चेकरसाहेब दारात. हे ड्यूटीवर गेलेले. साहेबांनी विचारलं, "पोती कुठं आहेत?" मी बोटानं मागची खोली दाखवली.

शालन जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर प्लायवूडवर वासराएवढी मेंढी.

"हे काय?"

"मेंढी."

साहेब वाकले आणि तिकिटं वाचायला लागले. "हे कराडचं. हे मिरजेचं. हे तर विट्याचं."

"कराडची जरा पिवळी हायत सायेब. म्हणून पोटाला लावली."

"आणि हिला पाच पाय?"

"त्यो पाय न्हाई, शेपूट हाय. अजून वाळली न्हाई, म्हणून ताठ हाय."

साहेब मेंढीभोवती एक चक्कर मारून आले. मी दाराआडून देवाचं नाव घेत होते. शेवटी ते म्हणाले, "डोळा मोठा झालाय. एवढा नसतो. आमच्याकडंही मेंढरं होती." आणि टोपी काढून खाली उकिडवे बसले. दोघांनी मिळून तीन डोळे कापले, त्यातला एक बसवला. जाताना मला म्हणाले, "पोती लवकर संपवायला सांगा." मेंढीला कॉलेजात चांगले मार्क पडले. प्रदर्शनाला साहेब बायकोला घेऊन गेले होते आणि डोळा आपण केला असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते म्हणे.

शेवटच्या वर्षी ती दुपारची एका फोटो स्टुडिओत जायला लागली. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचं मिक्सिंगचं काम प्रसिद्ध. नवरी कमळात बसलेली, नवरा चंद्रावर टेकलेला, असले फोटो ते करून द्यायचे. शालननं पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "अण्णा, ही बाई एवढी भरल्याली. कमळाचं काय हुईल?"

अण्णांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. नारळ फोडला, हार घातला, त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम केला, आणि त्यानंतर त्याला हात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही. शालन त्याच्यापुढं बसली आणि म्हणाली, "ह्येच्यात कात्री कुठं हाय?" होती. तिनं ती शोधून काढली. फोटो काचेवर पालथा ठेवला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचा, मग आतल्या आत माणूस कडेनं कापायचा आणि उचलून दुसरीकडं ठेवायचा. चुकलं तर दोन बटणं दाबली की सगळं पहिल्यासारखं. तिला त्या बटणांची एवढी सवय झाली की घरी खरा कागद चुकीचा कापला गेला तरी तिची डाव्या हाताची दोन बोटं पाटावर टकटक करायची. मग स्वतःच म्हणायची, "आगं, ह्यो कागद हाय न्हवं."

त्याच साली माझ्या दिरांच्या मुलीचं, सुनीताचं, कोरेगावला लग्न झालं. मुलगा मिलिटरीत, सुट्टी मोजकीच. फोटोला आम्हीच अण्णांना सांगितलं. परीक्षा जवळ आली म्हणून शालन काही आली नाही. हळदीला बायकांचा फोटो काढताना अण्णा मागं मागं सरकत गेले आणि हळदीच्या पाण्याच्या घंगाळात बसले. बसता बसता बटण दाबलं गेलं आणि मग कॅमेरा खांबावर आपटला. अण्णा उठले, धोतर पिळलं आणि पुढं दिवसभर फोटो काढत राहिले. बटणाचा आवाज येत होता, उजेड पडत होता. सांगलीला जाऊन रोल धुतले तेव्हा कळलं की त्या आपटण्यानं कॅमेऱ्याच्या आतला पडदा अडकला होता. घंगाळापर्यंतचे फोटो निघाले होते. त्याच्यानंतर अक्षता नाहीत, सप्तपदी नाही, नवरदेव तर कुठंच नाही. आणि नवरदेव तोवर सरहद्दीवर पोचलेला.

माझे दीर रागीट. "अण्णाला पुन्हा घंगाळात बुडवतो," असा त्यांचा निरोप आला. अण्णांचं जेवणखाण सुटलं. ते शालनला म्हणाले, "पोरी, हे निभावून ने. कोरेगावकरांनी अल्बम घेतला तर तुला कायमची कामावर ठेवतो."

शालन घरी येऊन मला म्हणाली, "काकू, आता एक तर ह्यो अल्बम, न्हाईतर साठ मेंढ्या."

मी कोरेगावला जाऊन घरातले असतील नसतील ते फोटो ट्रंक भरून आणले. शाळेतले, जत्रेतले, नवरदेवाचा भरतीच्या वेळचा. मतदानाची ओळखपत्रं तेव्हा नवीनच मिळाली होती. त्यात माझ्या सासरचे सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत. शालननं आधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, मुंडकी कापली आणि माझ्या सारवल्यासारख्या पुसलेल्या फरशीवर लग्न मांडलं. तिथं जमलं की तसंच कॉम्प्युटरवर जोडायचं. आठ दिवस पंखा लावायची बंदी. एकदा हे दार उघडून आत आले, वारा सुटला आणि नवरदेव पोळपाटाखाली गेला. तो सापडेपर्यंत आम्हाला चहा मिळाला नाही.

धडं कुठून आणायची? ती अण्णांकडच्या दुसऱ्या लग्नांतून घेतली. "कड नीट कापली की कुणालाबी कुणाशेजारी बसवता येतंय," असं शालन म्हणायची.

एका फोटोवर बोट ठेवून तिनं विचारलं, "काकू, ह्या कोण?"

"नणंदबाई माझ्या."

"म्हंजी नवरीची सख्खी आत्या. मग पुढच्या वळीत पायजेत. आन ह्यो मालक तेंचा?"

नणंदबाई लग्नाला आल्याच नव्हत्या. साखरपुड्यात त्यांच्या यजमानांना फेटा बांधायचा राहून गेला, तेव्हापासून त्या रुसल्या होत्या. एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून राहायच्या, पण आल्या नाहीत. दीरही म्हणाले होते, "न्हाई तर न्हाई." हे सांगायला मी तोंड उघडलं. शालन जीभ दातात धरून नणंदबाईंच्या कानाच्या कडेनं कात्री फिरवत होती. घरातलं भांडण बाहेरच्या पोरीला कसं सांगायचं, असं मला वाटलं. मी तोंड मिटलं.

अल्बम घेऊन आम्ही तिघं कोरेगावला गेलो, अण्णा, शालन आणि मी. अण्णांनी आधी पेढे पुढं केले. दिरांनी पेढा न खाता पहिलं पान उलटलं. मांडव, हळद, सगळं ठीक. मग अक्षता. नवरदेव नवरीकडं बघून हसत होता, खरं तर तो भरतीत पास झाल्याबद्दल हसत होता. दिरांनी स्वतःला बघितलं. ते काडीसारखे बारीक. अल्बममध्ये त्यांना भारदस्त पोट आलं होतं.

"ह्ये पोट कुणाचं?"

"तुमचंच आता," शालन म्हणाली.

दिरांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "शोभतंय," म्हणाले, आणि पेढा खाल्ला. अण्णांनीही एक उचलला. तेवढ्यात पुढचं पान आलं. पुढच्या ओळीत नणंदबाई, हिरव्या लुगड्यात, आणि शेजारी त्यांचे यजमान, डोक्याला गुलाबी फेटा.

"ही कवा आलीवती?" दीर ओरडले.

शालननं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"काढा हिला! आत्ताच्या आत्ता कापून काढा!"

"दादा, त्यास्नी काढलं तर तिथं भोक पडंल," शालन म्हणाली. "तेंच्या मागनं नवरदेवाच्या आईचे पाय काढून ठेवल्यात मी."

"मग आख्खा आल्बमच नगं!" दिरांनी अल्बम मिटून अण्णांच्या मांडीवर टाकला. शालनचा चेहरा उतरला. ती उठून पिशवी आवरायला लागली.

इतक्यात दारात नणंदबाई. हातात चाळण. "ही चाळण द्यायची ऱ्हायलीवती," म्हणाल्या. ती चाळण आमची नव्हतीच. अल्बम आल्याचं त्यांना कळलं होतं, एवढंच. त्यांनी कुणाला न विचारता अण्णांच्या मांडीवरून अल्बम उचलला आणि उभ्या उभ्या पानं उलटली. एका पानावर थांबल्या.

"फेटा कुणी बांधला ह्यास्नी?"

"मी," शालन म्हणाली.

"गुलाबी का?"

"तुमच्या लुगड्याशेजारी उठून दिसतोय म्हणून."

नणंदबाई खाली बसल्या. चाळण मांडीवर ठेवली. मग दिरांना म्हणाल्या, "दादा, मी लग्नाला आलेवते."

"कवा?"

"आरं ह्ये काय, फोटो हाय की! का ह्यो फोटो खोटा म्हणतोस?"

दिरांनी तोंड उघडलं. हा फोटो खोटा म्हटला तर मागचाही खोटा ठरत होता, आणि त्यातलं पोटही. ते अल्बमकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आलीवतीस. गर्दीत मलाच दिसली न्हाईस." आणि आत ओरडले, "आगं, च्या टाका, अक्का आलीया!"

अल्बम कोरेगावात राहिला. नणंदबाई आजही त्या लग्नातली जिलेबी जरा कडक झाली होती असं सांगतात.

परतीच्या गाडीत शालन मला म्हणाली, "काकू, तुमी सांगायचं न्हाई व्हय?"

"तू कापत हुतीस."

"कापताना माझं कान उघडं असत्यात."

अण्णा शब्दाला जागले. शालननं वडिलांना पत्र टाकलं की नोकरी लागली. उत्तराऐवजी वडीलच आले. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सकाळी आले, चहा घेतला, जेवले, आणि हात पुसता पुसता म्हणाले, "सामान बांध." गावात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तुमची पोरगी खोटी लग्नं लावती.

"आबा, आधी काम तर बघा," शालन म्हणाली. हे ड्यूटीवर होते, म्हणून तिनं मला बरोबर ओढलं.

अण्णांनी त्या अल्बमची एक प्रत गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवली होती. आबा स्टुडिओच्या बाकावर बसले, पण अल्बमला हात लावला नाही. "न झालेलं दावायचं म्हंजी लबाडीच की," म्हणाले.

"मग लबाडी वळखा," शालन म्हणाली. "ह्यात जोडलेला कुठला ते एक दावा. दावलासा तर आत्ता तुमच्यासंगं गाडीत बसते. न्हाई जमलं तर मी हितंच."

आबांनी अल्बम मांडीवर घेतला. पोतं न उघडता आत काय माल आहे ते ओळखणारा माणूस. एकेक पान बोटानं चाचपून बघत होते. अक्षता गेल्या. सप्तपदी गेली. फेटा गेला. सगळा अल्बम संपला. मग उलटे मागं येत हळदीच्या पानावर थांबले आणि बोट टेकवलं.

"ही."

मी वाकून बघितलं. फोटोत मी होते. मान मागं टाकलेली, पदर खांद्यावर घसरलेला, एक हात जावेच्या पाठीवर, आणि तोंड एवढं उघडलेलं की मागच्या दाढा दिसत होत्या.

"ह्या बाईंचं त्वांड दुसरीकडनं आणून बसिवलंय," आबा म्हणाले. "सकाळपास्नं मी ह्यांच्या घरी हाय. ह्यास्नी मान वर केल्याली मला दिसली न्हाई. ह्या अशा हसत्यात व्हय?"

अण्णा बोलायला गेले. आबांनी हात वर केला. "तुमी न्हाई. तुमचा धंदा हाय." शालननं म्हटलं असतं तरी आबांनी मानलं नसतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती, आणि या वेळी मला जमिनीकडं बघता येईना.

"मीच हाय ती," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "जोडल्याली न्हाई. मीच हाय."

"आन हसताय कशाला एवढं?"

"अण्णा... घंगाळात बसले." सांगता सांगता मला अण्णांचं धोतर दिसायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. मी हसले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शालन हसली. अण्णा आधी लाजले आणि मग तेही हसले. आबा फोटोकडं बघत होते, माझ्याकडं बघत होते, पुन्हा फोटोकडं.

"त्वांड त्येच हाय," ते म्हणाले. "आन ह्येच्या फुडचं?"

"फुडचं सगळं जोडल्यालं हाय," शालन म्हणाली.

आबांनी अल्बम मिटला, टॉवेलनं पुसला आणि अण्णांच्या हातात दिला. "मेंढ्यावाल्याला सांगतो."

"काय सांगताय?"

"पोरगी कामावर हाय म्हणून सांगतो. आनखी काय?"

शालन त्यानंतर दीड वर्ष आमच्याकडं होती. पुढं पुण्यात एका छापखान्यात तिला चांगलं काम मिळालं, कॉम्प्युटरवरचंच. जायच्या दिवशी आबा मुंबईहून मुद्दाम आले. तिच्या सगळ्या चित्रांचं एक काळं फोल्डर होतं, दरवाजाच्या फळीएवढं. रिक्षात ते मावेना. आबांनी टॉवेलची चुंबळ केली, फोल्डर डोक्यावर आडवं घेतलं आणि स्टँडपर्यंत चालत निघाले. "वाट सोडा, वाट सोडा," असं मुंबईच्या बाजारात ओरडतात तसं ओरडत. मागून त्या फोल्डरच्या सावलीत शालन, तिच्यामागं हे आणि मी.

गाडीच्या दारातूनही फोल्डर जाईना. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. आबा शिडीनं वर चढले, दोरी बांधली, खाली आले. पुन्हा चढले, गाठ तपासली, खाली आले. तिसऱ्यांदा चढले तेव्हा कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी फलाटावरून मागं निघाली. शालननं खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि वर तोंड करून ओरडली, "आबा, उतरा की! गाडी सुटली!"

वरून आवाज आला, "थांब, पावसाचा भरवसा न्हाई, कागद घालतोय!"

गाडी मागं सरत राहिली. आबा टपावर गुडघे टेकून चित्रांवर प्लास्टिक पसरत होते, आणि शालन वर बघत ओरडत होती.